फ्रीडरिशच्या चित्रांमधल्या जागा शोधताना

ग्राइफ्सवाल्ड हे जर्मनीतले, बाल्टिक समुद्राजवळचे, जुन्या विद्यापीठाचे शहर. निसर्गचित्रकार कास्पार दाविद फ्रीडरिश १७७४ साली इथे जन्मला तेव्हा या मुलखावर स्वीडनचा अंमल होता. त्याचे वडील साबण आणि मेणबत्त्या बनवत. त्यांच्या घराच्या जागेवर आता चित्रकाराच्या नावाचे एक छोटे केंद्र आहे. लहानपणी तो बर्फ फुटून पाण्यात पडला आणि त्याला वाचवताना भाऊ बुडाला, असे सांगतात. त्याच्या प्रत्येक उदास चित्राचे मूळ या एका घटनेत शोधणे मला तरी फार सोपे वाटते.

मला पाहायचे होते ते एल्डेना. शहरापासून पायी तासाभराच्या अंतरावर, झाडांच्या सावलीत, सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठाचे हे अवशेष उभे आहेत. मठ ११९९ सालचा. पुढे स्वीडिश अमलात त्याच्या विटा तटबंदीच्या कामाला नेल्या गेल्या. उरलेल्या पश्चिमेकडच्या भिंतीत एका उंच, निमुळत्या खिडकीची रिकामी कमान आहे. विटा चांगल्या तांबड्या आहेत, भोवती हिरवळ आहे आणि मी गेलो तेव्हा तिथे मुले चेंडू खेळत होती.

हीच भिंत मी आधी बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत, ‘ओकवनातील मठ’ या चित्रात पाहिली होती. १७१ सेंटीमीटर रुंदीच्या त्या चित्रात विटांचा तांबडेपणा कुठेच नाही. हिवाळ्याचे दिवस आहेत, सगळे काळपट धुक्यात बुडालेले आहे, आणि निष्पर्ण ओकवृक्षांमधून संन्यासी एक शवपेटी त्या भिंतीच्या दाराकडे नेत आहेत. १८१० साली बर्लिनला मांडलेले हे चित्र, त्याच्या जोडीच्या ‘समुद्रकाठचा संन्यासी’ या चित्रासह, प्रशियाच्या राजाने विकत घेतले. ग्राइफ्सवाल्डच्याच संग्रहालयात फ्रीडरिशचे आणखी एक चित्र आहे, त्यात तर एल्डेनाचे अवशेष त्याने थेट रीझेनगेबिर्ग पर्वतात नेऊन ठेवले आहेत. ग्राइफ्सवाल्डच्या आसपास पर्वत सोडाच, धड टेकडीही नाही, हे तिथे उभे राहिल्यावर कळते आणि त्या उचलेगिरीचे हसू येते.

फ्रीडरिश बाहेर फिरून पेन्सिलीने खडक, झाडे, भिंती अगदी काटेकोर टिपत असे. चित्र मात्र ड्रेस्डेनच्या घरात, चित्रफलकापाशी जुळवत असे. १७९८ पासून १८४० साली मृत्यू येईपर्यंत तो त्याच शहरात राहिला. त्याचा मित्र केर्स्टिंग याने रंगवलेली त्याची खोली जवळजवळ रिकामी आहे: भिंतीवर रंगपाट्या, पट्टी आणि गुण्या टांगलेले, खिडकीचा खालचा भाग बंद केलेला. बाहेरचा देखावा दिसू नये अशीच ती सोय आहे, आणि मला तिच्यात त्याच्या कामाची सगळी रीत दिसते.

ड्रेस्डेनहून एल्ब नदीच्या काठाने जाणारी लोकल गाडी पकडून मी शोना गावी उतरलो आणि कायझरक्रोन या वालुकाश्माच्या टेकडीवर गेलो. फ्रीडरिशच्या ‘धुक्याच्या समुद्रावरचा भटक्या’ या चित्रात हातात काठी घेऊन धुक्याकडे पाहणारा, पाठमोरा भटक्या ज्या खडकावर उभा आहे, तो इथला असल्याचे जाणकार मानतात. १८१३ च्या युद्धकाळात फ्रीडरिश शेजारच्या क्रिपेन गावी येऊन राहिला होता. वर खडकांच्या भेगा आणि पायऱ्यांसारखे थर पाहताना चित्रातला पायथा ओळखीचा वाटू लागतो. पण मान वर केली की देखावा जुळत नाही, कारण भटक्याच्या समोर धुक्यातून डोके काढणारा खडक राठेनजवळचा गामरिग असल्याचे म्हणतात, आणि राठेन तर नदीच्या खालच्या अंगाला, बरीच स्टेशने मागे आहे. तेव्हा चित्र पुरे करायचे तर टेकडी उतरून परतीची गाडी धरायची आणि राठेनला उतरून पुन्हा चढायचे. मी तेच केले.