आरए फॅक्टर निगेटिव्ह, मग बोटं का सुजलीत?

लॅबवाले हल्ली 'आर्थरायटिस प्रोफाइल' म्हणून पॅकेज देतात ना, आरए फॅक्टर (रुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणजे आमवातासाठी करतात ती रक्ताची टेस्ट), युरिक ॲसिड, ईएसआर, सीआरपी, एएसओ सगळं एकदम, त्याची मला आता खरंच काळजी वाटते, कारण रिपोर्ट हातात आला की आपण एकच शब्द शोधतो, पॉझिटिव्ह का निगेटिव्ह.

माझ्या मावशीचं तेच झालं. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं वळायची नाहीत, कणीक मळता येईना, दोन्ही हातांची मधली पेरं सुजून टम्म. आरए फॅक्टर आला निगेटिव्ह आणि मग काय, जो तो म्हणे वात आहे, वय झालं, तेल लाव. ती बिचारी लावत राहिली.

अहो पण रुमॅटॉइड आर्थरायटिस असलेल्या साधारण २० ते ३० टक्के लोकांचा आरए फॅक्टर निगेटिव्हच असतो! आणि उलटंही होतं, हिपॅटायटिस सी, टीबी असं काही असेल तर, किंवा अगदी ठणठणीत म्हाताऱ्या माणसातसुद्धा तो पॉझिटिव्ह येतो.

शेवटी रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फाइल बाजूला ठेवली, मावशीचे हात हातात घेतले आणि एकेक सांधा अंगठ्याने दाबून बघितला, कुठे दुखतं ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मग अँटी-सीसीपी, ह्याच आजाराची दुसरी रक्ताची टेस्ट, करायला सांगितली. ती आली नॉर्मलच्या तिपटीहून जास्त. ही टेस्ट महाग आहे पण पॉझिटिव्ह आली तर बहुतेक वेळा आजार असतोच, कधीकधी तर सांधे दुखायच्या कितीतरी वर्षं आधीपासून ती पॉझिटिव्ह असते.

२०१० साली निदानासाठी जे निकष ठरले त्यात १० पैकी ६ गुण लागतात, आणि रक्ताच्या सगळ्या टेस्ट मिळून जास्तीत जास्त ४ होतात. बाकीचे सांध्यांचे आणि किती आठवडे त्रास आहे त्याचे. म्हणजे नुसत्या रिपोर्टवर निदान होतच नाही, डॉक्टरांनी हात बघायलाच हवेत.

आता ह्या आजारावरची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे, आठवड्यातून एकदाच, रोज अजिबात नाही, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं म्हणून मी फ्रिजवर वार लिहून ठेवलाय. सोबत फॉलिक ॲसिड, आणि सीबीसी, लिव्हर, क्रिएटिनिन ठरलेल्या तारखेला करायचंच. ह्या टेस्ट मात्र एकही चुकवू देत नाही मी तिला.