पोहता येतं, मग पाण्यात का उतरू देत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. "पट्टीचे पोहणारे आहोत, लाइफ जॅकेट आहे, तरी काठावरच का उभं करता?" आपदा मित्रांच्या, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणाऱ्या स्वयंसेवकांच्या, 12 दिवसांच्या प्रशिक्षणात हे कुणी ना कुणी विचारतंच. ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्याची विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, त्यानंतर तर रागानेच विचारतात. राग खोटा नाही. जवळच जरोदला एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) सहावी बटालियन आहे, पण पाणी ओट्यावर चढतं तेव्हा हाकेला शेजारीच असतो.

नदीतल्या मगरींचं कारण देत नाही, बडोदेकरांना ते काय सांगायचं! मगर नसती तरी क्रम हाच: आधी काठी, मग दोरी, मग होडी, पोहणं सगळ्यात शेवटी.

"मग कमरेला दोरी बांधून उतरतो की!"

एका सरावात नेमकं तेच केलं. पाणी छातीभर, ओढ बेताची, पोहणारा तरबेज. कमरेला पक्की गाठ, काठावर चौघं. पाय निसटला आणि दोरी ताणली. मोकळा असता तर वाहत जाऊन पुढच्या वळणावर काठाला लागला असता. दोरीनं त्याला जागीच धरलं, मागचं पाणी पाठीवर चढलं, डोकं खाली गेलं. ते पाहून चौघांनी आणखी जोर लावला. जितकं ओढत होते तितका तो खाली जात होता. ताणलेली गाठ बोटांनी सुटत नाही. "सोडा!" असं कुणी ओरडलंही, पण दोरी सोडणं म्हणजे माणूस सोडणं असंच हातांना वाटतं. शेवटी ओली दोरी हातांतून घसरली, ढील मिळाली, तोंड वर आलं. शिकवणीनं नाही वाचला. ती गाठ मीच शिकवली होती.

म्हणून आता दिवसभर फेकण्याचाच सराव. 15 ते 20 मीटर तरंगणारी दोरी, मूठमूठ करून पिशवीत भरलेली. वेटोळं केलं की ऐन वेळी गुंता. बुडणाऱ्याला हाक मारून नजर मिळाली की मगच फेकायची, डोक्यावरून पलीकडे पडेल अशी. अलीकडे पडली तर गेलीच. मनगटाला वेढा नको. त्यानं दोरी पकडली की खाली बसायचं आणि नुसतं धरून ठेवायचं. प्रवाहच त्याला झोक्यासारखा काठाला आणतो. इथेही सगळ्यांचे हात ओढायलाच धावतात. पिशवी नसेल तर तेलाचा 5 लिटरचा कॅन दोरीला बांधा, आत दोन बोटं पाणी ठेवून झाकण घट्ट लावा. रिकामा कॅन वाऱ्यावर भरकटतो.

"आणि तीन हातांवर पोर गटांगळ्या खात असेल, हाताशी काहीच नसेल, तर?"

ओढणी, पट्टा, पालथं पडून लांबवलेला हात, मागून पाय धरणारा दुसरा. तेही नसेल तर? पूर्वी ठणकावून सांगायचो, तरीही नाही. आताही वर्गात तेच सांगतो. त्या पोराची आई शेजारी उभी असली तर माझ्या तोंडून काय निघेल, ते मात्र विचारू नका.