फरशीखालच्या उबेसाठी वायरिंगची तयारी : माझा अनुभव

इंग्लंडमधील रेडिंग येथे आमचे १९३०च्या दशकातील विटांचे घर आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरील न्हाणीघर नव्याने करायचे ठरले, तेव्हा फरशीखाली विजेवर तापणारी केबल बसवावी, असा आग्रह मी धरला. आई आता आमच्याकडेच राहते आणि संधिवातामुळे हिवाळ्यात गार फरशीवर पाय टेकवणे तिला असह्य होते. केबल अंथरणे हे या कामातील सोपे अंग आहे. खरे काम त्याआधीच्या वायरिंगच्या तयारीचे असते, हे मला करता करता उमगले.

आरंभ मापांपासून झाला. टब, कमोड आणि बेसिनखालचे कपाट यांच्याखाली केबल घालायची नसते, कारण तेथे उष्णता कोंडून केबल जळू शकते. ती जागा वजा केल्यावर मोकळी फरशी ३ चौरस मीटर उरली. जाळीवर चिकटवलेली आमची केबल दर चौरस मीटरला १५० वॉटची होती. म्हणजे एकूण भार ४५० वॉट आणि २३० व्होल्टला सुमारे २ अँपिअर. एवढ्या भारासाठी स्वतंत्र सर्किट ओढण्याची गरज नव्हती. वरच्या मजल्यावरील सॉकेटांच्या सर्किटमधून ३ अँपिअरच्या फ्यूजचा वेगळा फाटा घेता येईल, असे इलेक्ट्रिशियनने मोजमाप करून सांगितले. मात्र त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरची आर.सी.डी., म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे, याची खातरजमा त्याने आधी केली. ओल्या पायांनी जिथे उभे राहायचे, तिथे या बाबतीत तडजोड नाही.

इंग्लंडच्या बांधकाम नियमांतील घरगुती विजेच्या कामांविषयीच्या ‘पार्ट पी’ या भागानुसार टब किंवा शॉवरलगतच्या ठरावीक क्षेत्रातील अशा कामाची नोंद व्हावी लागते. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन स्वतःच्या कामाचे प्रमाणपत्र स्वतः देऊ शकतो, म्हणून जोडणी आणि चाचण्या त्याच्याकडे सोपवल्या. झिरी मारणे (वायरसाठी भिंतीत खाच पाडणे), नळ्या बसवणे आणि केबल अंथरणे मी त्याच्या देखरेखीखाली केले.

थर्मोस्टॅट न्हाणीघरात न बसवता बाहेरच्या बोळातील भिंतीवर घ्यायचा होता, आत फक्त फरशीतला, तापमान मोजणारा सेन्सर ठेवायचा होता. येथे क्रमाची चूक माझ्याकडून झाली. बोळातील भिंतीचा गिलावा मी आधीच करून घेतला होता आणि ती नवी भिंत मला पुन्हा फोडावी लागली. वीट १०० मिलिमीटरची असेल, तर उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा, म्हणजे सुमारे ३३ मिलिमीटरपेक्षा, खोल नेऊ नये. बॅक बॉक्स, म्हणजे थर्मोस्टॅटमागची भिंतीत बसणारी पेटी, ३५ मिलिमीटर खोल होता, परंतु गिलाव्याची जाडी धरून तो नीट बसला. झिरी बॉक्सपासून सरळ उभी खाली आणली, कारण पुढे कोणी त्या भिंतीत खिळा ठोकला, तर वायर कुठून गेली असेल याचा अंदाज बॉक्सवरून बांधता यावा. तिच्यात दोन स्वतंत्र नळ्या घातल्या : एक केबलच्या न तापणाऱ्या टोकासाठी आणि दुसरी सेन्सरसाठी. सेन्सरची नळी फरशीत केबलच्या दोन वेढ्यांच्या बरोबर मधोमध आणली आणि तिचे तोंड टेपने बंद केले. उद्या सेन्सर बिघडला, तर फरशी न उखडता तो ओढून काढता येईल.

लाकडी जमिनीवर उष्णतारोधक बोर्ड बसवले. तापणारा आणि न तापणारा भाग जिथे जोडलेला असतो, तो सांधा केबलपेक्षा बराच जाड असतो. तो वर उचललेला राहिला तर टाइल हलते, म्हणून बोर्डात त्याच्या मापाची खाच कोरली. तो सांधा भिंतीतल्या नळीत ओढायचा नसतो. टाइलखालच्या अ‍ॅडहेसिव्हमध्येच पुरायचा असतो. वळणावर जाळी कापता येते, केबल मात्र कधीही कापायची नाही आणि एकीवर एक येऊ द्यायची नाही.

केबलची मोजणी तीनदा करायची होती : पेटीतून काढल्यावर, अंथरल्यावर आणि टाइल बसवल्यावर. माझे वडील वीज मंडळात होते, त्यामुळे ‘मेगर’ (उच्च व्होल्टला इन्सुलेशन तपासणारे यंत्र) हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. तो प्रत्यक्ष हाती धरला तो या कामात. केबलचा रोध हिशेबाने ११७.६ ओहम यायला हवा होता, पहिल्या वेळी ११८ आला. केबलची तार आणि तिच्याभोवतीचे अर्थिंगचे वेष्टण यांच्यातील इन्सुलेशन ५०० व्होल्टला उत्तम होते. अंथरल्यावर मात्र रोध तोच असूनही इन्सुलेशनचे माप जवळजवळ शून्यावर आले. केबल कुठे स्क्रूखाली चिरडली असावी, या शंकेने मी हबकलो, कारण तसे असेल तर पूर्ण जाळी बदलावी लागली असती. इलेक्ट्रिशियनने प्रथम सोललेले टोक भिंगातून पाहिले : वेष्टणाचा एक बारीक धागा आतल्या तारेला चिकटला होता. तो बाजूला करताच माप पूर्ववत झाले. सेन्सर मात्र मेगरने तपासायचा नसतो, तो त्याने जळतो. त्याचे माप मल्टिमीटरने घेतले आणि २० अंश तापमानाला ते सुमारे १२ किलोओहम आले.

टाइल लावण्यापूर्वी केबलच्या प्रत्येक वळणाचे भिंतीपासूनचे अंतर मोजून फोटो काढले, म्हणजे पुढे दाराचा अडथळा बसवताना ड्रिल कुठे मारू नये हे कळेल. टाइल बसवताना मल्टिमीटर जोडूनच ठेवला होता आणि कारागिराच्या थापीबरोबर माझी नजर आकड्यावर होती. तिसरी मोजणी ११८ वरच राहिली. अ‍ॅडहेसिव्ह पूर्ण सुकेपर्यंत दोन आठवडे वीज सोडली नाही; मग थर्मोस्टॅट जोडून तापमान रोज थोडे थोडे वाढवले आणि २६ अंशांवर स्थिर केले. तिन्ही मोजण्यांचे आकडे, फोटो आणि प्रमाणपत्र आता एकाच फाइलमध्ये आहेत.