सोनीचा डबा, नोंद १४ : वेलावरचा तिसरा दुधी

मंडळी, ही नोंद खरं तर आनंदाची व्हायची होती. आमची लॅब्रॅडॉर कुत्री सोनी हिचं वजन उतरवायचं चाललंय, आणि तीन आठवडे ३४.८ किलोवर अडून बसलेला काटा अखेर हलला होता. ११ तारखेला हळदीच्या वखारीतल्या प्लॅटफॉर्म काट्यावर सोनी ३४.६ भरली. जानेवारीत ३८.४ होती. बरगड्या आता हात फिरवला की लागतात, वरून पाहिलं तर कंबर दिसते. मी फोटो काढून ठेवले होते, तक्ता तयार होता. आणि त्याच आठवड्यात मंगळवारी रात्री सगळं उलटलं.

आधी हे सांगते की सोनी आता ठीक आहे. काल सकाळी तिने फाटकाशी येऊन दूधवाल्याला नेहमीसारखं हाकारलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्यात त्यांना भरणाची, म्हणजे कॅलरी न वाढवता वाडगा भरणाऱ्या भाजीची, गोष्ट माहीत आहे. लॅब्रॅडॉर म्हणजे सतत भुकेला जीव. त्यांच्यातल्या जवळपास चौथ्या हिश्शाच्या पीओएमसी या जनुकात एक तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. सोनीची तपासणी केलेली नाही, पण तिच्याकडे बघून मला शंका उरलेली नाही. तिला गाठायच्या ३० किलोच्या हिशोबाने तिचा आरईआर, म्हणजे नुसत्या विश्रांतीत शरीराला लागणारी दिवसाची ऊर्जा, साधारण ९०० कॅलरी येतो. तेवढ्यात तिचं भागवायचं तर वाडगा अर्धा रिकामा दिसतो, आणि मग ती रात्रभर ओट्यापाशी बसून राहते. म्हणून मार्चपासून भरण म्हणून दुधी.

सध्याचा डबा : शिजवलेलं चिकन २५० ग्रॅम, कलेजी ३०, भात १५०, एक अंडं, दीड चमचा तेल, अंड्याच्या कवचाची पूड डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापाने, आणि दुधी ३०० ग्रॅम. दुधी वजनाने वाडग्याच्या एक तृतीयांशाहून जास्त, पण कॅलरी जेमतेम ४५. शंभरातला ९६ भाग पाणीच. खाऊ आणि वरकड गोष्टी दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांत बसवायच्या हा नियम आपण सगळे पाळतो. दुधी त्यात आरामात बसतो आणि कुत्र्याला जेवल्यासारखं वाटतं. मार्चपासून सोनीने रात्री ओट्यापाशी बसणं सोडलं होतं. म्हणून 'कुत्र्याला दुधी चालतो का' असं कोणी विचारलं की मी डोळे मिटून 'हो' म्हणायचे.

मंगळवारी संध्याकाळी सातला डबा दिला. साडेनऊला पहिली उलटी. मला वाटलं घाईघाईत गिळलं असेल. बारापर्यंत आणखी तीन झाल्या, शेवटच्यात नुसतं पिवळं पाणी. मग पातळ शी सुरू झाली. साडेबाराला डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी उचलला. त्यांचा पहिला प्रश्न : "कांदा गेलाय का पोटात?"

हा प्रश्न पहिला का, ते नव्यांसाठी थोडक्यात. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात आणि शिजवून ती जात नाहीत. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा गेला तरी रक्तात दिसण्याइतका फरक पडतो. लसूण त्याहून जहाल. आणि लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात, तोवर माणूस बेसावध असतो. रश्शातला, पावभाजीतला, चिकनच्या तयार मसाल्यातला कांदाही यात आला. आमच्याकडे सोनीचं भांडं, पळी, कुकर सगळं वेगळं आहे, त्यामुळे मी ठामपणे 'नाही' म्हणाले. त्यांनी हिरड्या बघायला सांगितल्या. गुलाबी होत्या. लघवीचा रंगही नेहमीचाच. सकाळी दवाखान्यात सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन. खरं तर रात्रीच न्यायला हवं होतं. चार उलट्या झाल्यावर सकाळची वाट बघायची नसते, हे मी माझ्याकडून पक्कं लिहून ठेवतेय.

आता मुख्य गोष्ट. काय बाधलं?

बुधवारी दिवसभर मी डबा तुकड्या-तुकड्याने तपासत होते. चिकन त्याच पिशवीतलं आदल्या दिवशी दिलं होतं. कलेजी तीच. तांदूळ आम्हीही तेच खातो. अंडं ताजं. नवा होता तो फक्त दुधी. सोमवारी रात्री मी नवा घाणा केला होता : तीन दुधी, सोलून, बिया काढून २ किलो ४०० ग्रॅम, मोदकपात्रात आठ मिनिटं वाफवून, सगळं एकत्र कालवून ३०० ग्रॅमचे आठ डबे. त्यातला पहिला मंगळवारी गेला.

तीनपैकी दोन दुधी आठवडी बाजारातल्या मावशींकडचे. त्यांचे मी नेहमी चाखते. चकती कापली की जिभेच्या टोकाला लावायची, ही सवय सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच लावली. तिसरा आमच्या गच्चीवरच्या वेलाचा. तो मी चाखला नाही. घरच्या वेलाचा, स्वतः पाणी घालून वाढवलेला, त्याच वेलाचे पहिले दोन दुधी एप्रिलमध्ये आम्ही भाजीत खाल्लेले. संशय घ्यावा असं मनातही आलं नाही.

सुदैवाने पुरावा घरातच होता. सासूबाईंना दुधीच्या सालीची चटणी करायची होती, म्हणून साली आणि देठाकडचे तुकडे फ्रिजमध्ये डब्यात होते. बाजारातल्या दुधींचे देठ जाड, फिकट. आमच्या वेलाचा बारीक, गर्द हिरवा, त्यावर लव. तिन्ही धुतले आणि एकेक जिभेला लावला. पहिला सपक. दुसरा सपक, किंचित गोड. तिसरा लावताच जीभ मागे आली. कारल्याचा कडूपणा ओळखीचा असतो, हा तसा नव्हता. घशापर्यंत उतरणारा, थुंकून चूळ भरली तरी अर्धा तास न जाणारा. आणि त्या सालींची चटणी बुधवारी दुपारी आम्हा चौघांच्या पानात पडणार होती.

कडू दुधीतलं हे द्रव्य म्हणजे कुकुरबिटासिन. भोपळावर्गातली झाडं स्वतःच्या राखणीसाठी ते तयार करतात. आपण पिढ्यान्‌पिढ्या निवडून लावलेल्या वाणांत ते नावापुरतंच असतं, पण झाडावर ताण आला की वाढतं. पोटाच्या आतल्या अस्तराला ते जाळतं. माणसांतही उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं, इथपर्यंत जातं. २०१० मध्ये दिल्लीत दुधी-कारल्याचा रस प्यायलेल्या एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, तज्ज्ञ समिती बसवली. तिचा सल्ला साधा होता : रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर फेका, आणि दुसऱ्या रसात मिसळू नका. हा शेवटचा भाग मी बुधवारी पुन्हा वाचला आणि नीट समजला. कारल्यात दुधीचा कडूपणा कळत नाही. माझ्या डब्यात तो चिकनच्या पाण्यात आणि कलेजीच्या वासात बुडाला. सोनीने वाडगा चाटून पुसून ठेवला होता.

आणखी दोन गोष्टी, कारण याआधी चर्चेत आल्या होत्या. शिजवून हे जात नाही. वाफ असो, कुकर असो, कडू दुधी कडूच राहतो. आणि काकडीचं टोक कापून घासतो, फेस काढतो, तो उपाय इथे धरू नका.

घाण्यात आमच्या वेलाचा दुधी साधारण ८०० ग्रॅम होता. म्हणजे सोनीच्या ३०० ग्रॅममध्ये कडू भाग १०० ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याने ३४ किलोच्या कुत्रीची ही गत. पाच-सहा किलोचं पॉमेरेनियन असतं तर, हा विचार मी पुढे नेत नाही. उरलेले सात डबे, २ किलो १०० ग्रॅम, फेकून दिले. गायीलाही घातले नाहीत.

आता वेलाचं. हा वेल मी लावलेला नव्हता, कंपोस्टच्या कुंडीत आपोआप उगवला. पहिला संशय बियाण्यावर आला. आमच्या सांगलीपासून मिरज दहा किलोमीटर. तिथल्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूरकडून येतात, ते याच जातीच्या झाडाचे, आणि कडू. शेतात अशा कडू वेलाचा पराग गोड वेलाच्या फुलावर पडला तर त्या वेळचं फळ गोडच राहतं. पण त्यातल्या बीपासून उगवणारा वेल कडू फळं देऊ शकतो. म्हणून कंपोस्टमधले आपोआप उगवलेले दुधी, भोपळे, दोडके हे खाण्याच्या दृष्टीने बेभरवशाचे.

पण मग पहिले दोन दुधी गोड कसे? बी कडू असतं तर तेही कडू निघायला हवे होते. म्हणून माझा कल ताणाकडे आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कऱ्हाडला लग्नाला चार दिवस गेलो होतो, पाणी द्यायला कोणी नव्हतं, गच्चीची फरशी तापलेली. परत आलो तेव्हा पानं लोंबत होती. तिसरा दुधी तेव्हा वीतभर होता आणि नेमका त्याच दिवसांत वाढला.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा माझा बेत असा होता की वेल ठेवायचा, पाणी नियमित द्यायचं, चौथा दुधी (आता बोटभर आहे) चाखून बघायचा आणि इथे कळवायचं. पण लिहिता लिहिता आठवलं की एप्रिलमधल्या दुसऱ्या दुधीचा अर्धा मी कामाला येणाऱ्या ताईंना दिला होता. लगेच फोन केला. भाजी चांगली झाली होती, पोरांनीही खाल्ली, असं त्या म्हणाल्या. पण पुढचा दुधी मी घरी नसताना कोणी कौतुकाने तोडून नेला तर? किंवा खाली पडलेला सोनीने फोडला तर? प्रयोगाची हौस इतकी मोठी नाही. वेल आज संध्याकाळी उपटतेय. पुढच्या हंगामात पाकिटातलं बी, आणि गावाला जाताना ठिबकची बाटली लावूनच.

चाखण्याची पद्धतही बदलली. आता प्रत्येक दुधीच्या तीन चकत्या : देठाकडची, मधली, फुलाकडची. कच्ची, सोलल्यावर, मीठ न लावता. जिभेच्या टोकाला लावायची, गिळायची नाही. कडू वाटलं तर पूर्ण दुधी बाद, गोड भागापुरता कापून वाचवायचा नाही. दोडका, पडवळ, काकडी, लाल भोपळा, सगळ्यांना हाच नियम, कारण घराणं एकच.

आणि एक दुधी, एक घाणा. वेगवेगळे दुधी यापुढे कालवायचे नाहीत. प्रत्येकाचे डबे वेगळे, झाकणावर चिकटपट्टीवर तारीख आणि कुठला ते लिहिलेलं. हे आधी केलं असतं तर तिसऱ्या दुधीचे दोन-तीन डबेच बाद झाले असते आणि काय बाधलं ते शोधायला एक दिवस लागला नसता.

दुधी कशाने चिरावा असं मागच्या वेळी काहींनी विचारलं होतं, त्याचं उत्तर : दोरी ओढायच्या चॉपरने दुधीचा लगदा होतो आणि लगदा सोनी चावत नाही, ओततेच. विळीवर बोटाच्या पेराएवढ्या फोडी केल्या की तिला चावावं लागतं, वाडगा चार मिनिटं टिकतो. स्वस्तातला डिजिटल काटा मी बाद केला. सेल उतरला की आठ-दहा ग्रॅम इकडे तिकडे दाखवतो, आणि कलेजीसारख्या गोष्टीत तेवढा फरक नको.

सोनीचं पुढचं. गुरुवारी पेज आणि उकडलेलं चिकन थोडं थोडं, चार वेळा. शनिवारपासून अर्धा डबा, दुधीशिवाय. आज काट्यावर ३३.९ दिसले, पण ते उलट्या-जुलाबात गेलेलं पाणी आहे, म्हणून तक्त्यात धरलेलं नाही. ३४.६ हीच शेवटची खरी नोंद.

भरणाचं काय करायचं यावर दोन दिवस विचार केला. दुधी सोडणार नाही. तो दोषी नाही, आणि सोनीची भूक त्यानेच आटोक्यात आणली. पण सगळा भार भोपळावर्गावर टाकायचा नाही असं ठरलं. फरसबी या घराण्यातली नाही. शिरा काढून, मऊ शिजवून, बिनमिठाची १५० ग्रॅम फरसबी म्हणजे ५० च्या आसपास कॅलरी, आणि १५० ग्रॅम दुधीच्या २२. मिळून ७२, म्हणजे आधीपेक्षा २७ जास्त. तेवढ्यासाठी भात १५० वरून १३० केला की हिशोब जुळला. आज सकाळी पहिल्यांदा ५० ग्रॅम फरसबी घालून पाहिली. तिने आधी चिकन वेचलं, मग फरसबीच्या शेंगा एकेक उचलून फरशीवर मांडल्या, आणि दहा मिनिटांनी येऊन त्या एकेक खाल्ल्या. शी उद्या सकाळी बघते. नीट असेल तर ७५ वर नेते आणि रविवारी वखारीत काट्यावर.