रोबोटवरची एलईडी पट्टी: वीज कुठून, सिग्नल कुठून

एफआरसीच्या (‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ या शालेय संघांच्या स्पर्धेच्या) रोबोटवर डब्ल्यूएस२८१२बी, म्हणजे प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येणारी पट्टी लावताना सिग्नल आणि वीज वेगवेगळ्या वाटेने न्या. सिग्नल रोबोरिओच्या (रोबोटच्या मुख्य कंट्रोलरच्या) पीडब्ल्यूएम पोर्टमधून, म्हणजे मोटर वगैरेंना सिग्नल देणाऱ्या पिनांवरून घ्या. त्याच पोर्टच्या ६ व्होल्टवर मात्र पट्टी चालवू नका, तो व्होल्टेज तिला जास्त होतो. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक एलईडी साधारण ६० मिलिअँपिअर खातो, म्हणजे ६० एलईडींना ३.६ अँपिअर. त्यासाठी वीजवाटप बोर्डावरून १२ व्होल्ट घेऊन ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) लावा.

रोबोरिओचा आणि कन्व्हर्टरचा ग्राउंड (ऋण वायर) एकमेकांना जोडायला विसरलात, तर पट्टी वेड्यासारखी लुकलुकते. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. पट्टीच्या सुरुवातीला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि डेटा वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टर हवाच. पट्टीवरचा बाण बघून डेटा ‘डीआयएन’ (डेटा आत जाण्याच्या) बाजूनेच द्या. टोकाकडे पांढरा रंग लालसर दिसू लागला, तर व्होल्टेज पडतोय. दुसऱ्या टोकालाही ५ व्होल्ट द्या.

कापलेल्या टोकाचे उघडे तांब्याचे ठिपके ॲल्युमिनियमच्या फ्रेमला टेकले तर स्पर्धेआधीच्या तपासणीत रोबोट अडकतो, कारण फ्रेम विजेपासून अलग असावी लागते. त्यावर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवाच.