साडेसहा हजारांच्या हॉलशेजारी आमची चौदा मिनिटं

अमेरिकेत सॅन डिएगोला भरणारा कॉमिक-कॉन म्हणजे कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांचा मेळा, आवडत्या पात्रांचे वेश करून माणसं येतात. त्याचं नाव काढलं की लोकांना आठवतो तो 'हॉल एच'. साधारण साडेसहा हजार खुर्च्या, मोठमोठे स्टुडिओ, नट-नट्या, आणि आत शिरण्यासाठी आदल्या रात्रीपासून फूटपाथवर चटया टाकून झोपलेली माणसं. 1970 साली शहरातल्या एका हॉटेलात जेमतेम तीनशे जणांत सुरू झालेला हा मेळा आता लाखाच्या वर माणसं खेचतो.

आमची शॉर्टफिल्म मात्र तिथे नव्हती. कॉमिक-कॉनचा स्वतःचा छोटा चित्रपट महोत्सवही असतो, मेळा भरतो त्या कन्व्हेन्शन सेंटरला लागून असलेल्या मॅरियट हॉटेलात. विज्ञानकथा, भयपट, विनोदी, अ‍ॅनिमेशन असे गट; मेळ्याचा बॅज गळ्यात असला की प्रवेश फुकट. आमची भयपटात. लॉस एंजेलिसमधल्या एका मित्राच्या भाड्याच्या घरात शनिवार-रविवारी चित्रित केलेली, संवाद मराठीत, खाली इंग्रजी सबटायटल्स. दिग्दर्शक मित्र, आवाजाचं काम माझं.

पुण्यात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिराबाहेर 'आवाज कुणाचा' ओरडलेला माणूस मी. तिथे निम्मं प्रेक्षागृह आपल्याच कॉलेजचं, त्यामुळे टाळ्या पडणार हे ठरलेलं. इथे आमच्या बाजूने ओरडायला दोघांच्या बायका आणि सॅन होजेहून आलेला एक चुलतभाऊ, बस.

उरलेले प्रेक्षक का आले होते म्हणाल, तर बसायला. दिवसभर रांगेत उभं राहून पायांचे तुकडे पडलेले असतात. इथे अंधार, एसी आणि खुर्ची. एक शो संपला म्हणून खोली रिकामी करत नाहीत, त्यामुळे काही जण आधीपासूनच ठाण मांडून होते. कोणी मोबाइल चार्ज करत होतं, कोणी सँडविच खात होतं. पुठ्ठ्याचं चिलखत घातलेल्या एकाला खुर्चीत नीट बसताच येईना, तो शेवटी मागे भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या तलवारीवर तपासणीची पट्टी बांधलेली होती. नकली असली तरी शस्त्रं इथे तपासूनच आत सोडतात.

फिल्ममध्ये म्हातारी आजी अंधाऱ्या स्वयंपाकघराकडे चालत जाते आणि एकदम कुकरची शिट्टी होते. गॅस बंद असतानाही. हा फसवा दचका मी फार हौसेने रचला होता, पण घरच्या मंडळींना दाखवला तेव्हा मावशी म्हणाली, "अगं बाई, तिसरी झाली का?" सगळे हसले आणि माझी भीती तिथेच वाफ होऊन गेली.

मॅरियटमध्ये सँडविचवाला अक्षरशः उडाला. मागून चिलखताचा खडखडाट ऐकू आला.

खरं सांगायचं तर आपल्या माणसांच्या कौतुकापेक्षा मला हे जास्त आवडलं. पाय दुखतात म्हणून आलेला माणूस कुणाचं मन राखायला बसलेला नसतो. कंटाळला की सरळ उठून जातो. तसे दोघं-तिघं मध्येच गेलेही.

नंतरच्या प्रश्नोत्तरांत चिलखतवाल्याने विचारलं, "ती किंकाळी कुणाच्या आवाजात रेकॉर्ड केली?" दिग्दर्शकाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "डाळ-भाताच्या." मग पुढची पाच मिनिटं प्रेशर कुकर म्हणजे काय, शिट्ट्या का मोजायच्या आणि तो फुटतो का, यातच गेली. कॅमेऱ्याबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. दिग्दर्शक अजून फुगलेला आहे.