तुम्ही विचारलंत म्हणून: सुरुवात कुकरपासून करा

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत बरीच घरं भाड्याने दिलेली आहेत. इथल्या आयटी पार्कात कामाला येणारी मुलं-मुली वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, घेतात, दोघं-तिघं मिळून राहतात आणि बाहेरच्या डब्याला कंटाळली की जिन्यात, लिफ्टमध्ये गाठून विचारतात, "काकू, घरी स्वयंपाक सुरू करायचाय, पण ओटा एवढासा आहे. काय काय आणू?" उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

काय आणायचं ते नंतर बघू. आधी काय करायचं ते ठरवा. माझं उत्तर ठाम आहे: वरण-भात. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे रात्री फक्त वरण-भात, वर तूप, लिंबाची फोड, सोबत काकडी नाहीतर भाजलेला पापड. एवढ्या एका जेवणात धुणं, मोजणं, आच ओळखणं, फोडणी, मिठाचा अंदाज आणि मागचं आवरणं, सगळं हाताखालून जातं. रोज नवा पदार्थ करायला गेलं तर यातलं काहीच हातात बसत नाही. दोन दिवस उत्साह टिकतो, मग दमून माणूस पुन्हा बाहेरून मागवतो. हे मी या बिल्डिंगमध्ये वारंवार पाहिलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय.

त्यासाठी पाच लिटरचा उभट कुकर घ्या, ज्यात दोन डबे एकावर एक बसतात. एकाच शेगडीवर दोन पदार्थ होतात. कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी. खालच्या डब्यात अर्धी वाटी तूरडाळ, दोन-तीन पाण्यांतून धुतलेली आणि वेळ असेल तर अर्धा तास भिजवलेली. तिच्यावर दीड वाटी पाणी, हळद, हिंग, तेलाचे दोन थेंब. वरच्या डब्यात वाटीभर तांदूळ आणि दोन वाट्या पाणी. दोघांचं जेवण होतं. आमसूल, चिंच, टोमॅटो असलं आंबट काही डाळीत आधी घालू नका, डाळ शिजायला कुरकुरते. आंबट नंतर, उकळी आणताना.

आता शिट्ट्या. सगळे विचारतात किती करायच्या. शिट्टी म्हणजे एक वजन आहे. आतली वाफ ठरावीक दाबाला पोचली की ती त्याला उचलते. त्या दाबाला पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. त्यापुढे गॅस कितीही मोठा ठेवला तरी आतली उष्णता फारशी वाढत नाही. जास्तीची वाफ बाहेर पडते, खोलीत उकाडा होतो आणि तळचं पाणी आटतं. म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा, दहा-बारा मिनिटं ठेवून बंद करायचा आणि वाफ आपली आपण जिरू द्यायची. झाकणावर पाणी ओतून घाई करायची नाही.

तांदूळ कोणता, हेही विचारता. आपल्या भागाचा वाडा कोलम खाऊन बघा. वाडा तालुका २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, मग पालघरमध्ये गेला. या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाग वाटला तर साधा कोलम चालेल. बासमती मात्र वरणाखाली नको. त्याची शितं सुटी राहतात आणि वरण ताटभर पळतं.

कुकर गार झाला की वरण पळीच्या पाठीने किंवा रवीने चांगलं घोटायचं, कोमट असतानाच. मग मीठ, गुळाचा खडा, लागेल तेवढं पाणी घालून एक उकळी आणायची. फोडणी छोट्या कढल्यात. तेल तापलं की मोहरी. ती पूर्ण तडतडेपर्यंत दुसरं काही घालायचं नाही, अर्धवट फुटलेली मोहरी कडवट लागते. मग जिरं, हिंग, गॅस बंद करून कढीपत्ता आणि शेवटी चिमूटभर हळद, कारण हळद क्षणात करपते. कढीपत्ता कोरडा पुसलेला हवा, नाहीतर तेल अंगावर उडतं. चिमणी नसेल तर आधी खिडकी उघडा, खोकला मग लागत नाही.

ओट्याचं म्हणाल, तर शेगडी आणि सिंक यांच्यामध्ये ताटाएवढी जागा असली तरी पुरते. फक्त कामं एकामागून एक करायची. आधी सगळं चिरून घ्यायचं, सालं डब्यात, सुरी जागेवर, मग शेगडी पेटवायची. कुकर होत असतो तेवढ्यात वापरलेलं घासून पालथं घालायचं. आणि जमीन आहे की! खाली वर्तमानपत्र पसरून विळीवर चिरा, कांदा-बटाटा सोला, पालेभाजी निवडा. आपल्या जुन्या घरांत चुलीपुढे बसूनच सगळं होत होतं. विळी नको असेल तर पाटावर सुरी चालवा, पण त्या दोन वितींच्या ओट्यावर चिरायचा हट्ट सोडा.

सामान थोडं आणा. रविवारी उत्साहाने वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारात जाऊन पाच-पाच किलो डाळी उचलू नका, दोघांच्या घरात त्या संपत नाहीत. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की रव्यात अळ्या आणि डाळीत किडे व्हायला वेळ लागत नाही. डाळ अर्धा किलो, तांदूळ दोन किलो, रवा आणल्याबरोबर भाजून घट्ट डब्यात. मिसळणाच्या डब्यात मोहरी, जिरं, हळद, तिखट, धनेपूड आणि गोडा मसाला असला की बहुतेक भाज्या होतात. नॉनस्टिकचा संच, एअर फ्रायर, चॉपर यांतलं काहीही पहिल्या दोन महिन्यांत नको. एखादी वस्तू नाही म्हणून काम खरंच अडलं, तेही पुन्हा पुन्हा, तरच ती घ्या.

ज्यांच्या घरी पाइपचा गॅस नाही त्यांना पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. इंडक्शन घेणार असाल तर कुकर घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. बुडाला चिकटलं तरच तो इंडक्शनवर तापेल; साधे अॅल्युमिनियमचे कुकर तापत नाहीत. दोन हजार वॉटची शेगडी मोठ्या सॉकेटलाच लावा, मोबाइलच्या एक्स्टेंशनवर कधीही नाही.

राहिल्या पोळ्या. पोळ्या येत नाहीत म्हणून स्वयंपाकच सुरू न करणारे मला फार भेटतात. पोळ्या विकत आणा. ठाण्यात आणि नवी मुंबईत पोळी-भाजी केंद्रं जागोजागी आहेत, आणि तिथल्या बायका वर्षानुवर्षं लाटून लाटून हात बसलेल्या आहेत. तिथून चार पोळ्या घ्यायच्या, भाजी घरी करायची. तेही घरचंच जेवण. वरण हातात बसलं की कुकरच्याच पाण्यात डब्याशेजारी दोन बटाटे टाका, भाजीची सोय होते. मग मुगाची उसळ, मग एखादी पालेभाजी. तेवढं जमलं की कणीक आणा आणि शनिवारी सकाळी माझ्याकडे या. पोळी कधी उलटायची ते लिहून कळत नाही, तव्यापाशी उभं राहूनच दाखवावं लागतं.